ऑफिसचा व्हॉइसमेल कॉम्प्युटरवरून हाताळणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या आणि मध्यम ऑफिसांमध्ये फोन यंत्रणा बसवताना आणि सांभाळताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं ॲस्टरिस्क (ऑफिसची फोन यंत्रणा चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यावर चालणाऱ्या फ्रीपीबीएक्सला (त्याची सेटिंग ब्राउझरमधून करू देणारा भाग) धरून आहेत, कारण परवाना शुल्क नसल्यामुळे लहान ऑफिसला ती यंत्रणा परवडते. मायक्रोसॉफ्ट टीम्स किंवा सिस्कोच्या फोन यंत्रणेत गोष्ट वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे.

व्हॉट्सॲप असताना ऑफिसला व्हॉइसमेल हवाच कशाला?

ज्याच्याकडे तुमचा मोबाइल नंबर आहे तो व्हॉट्सॲप करेलच. व्हॉइसमेल, म्हणजे फोन उचलला गेला नाही तर रेकॉर्ड करून ठेवायचा संदेश, त्याच्यासाठी आहे ज्याच्याकडे फक्त बिलावर, लेटरहेडवर किंवा मशिनला चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला नंबर आहे. रात्रपाळीत मशिन बंद पडलं की सुपरवायझर हाच नंबर फिरवतो. निर्यात करणाऱ्यांची अडचण याहून मोठी. हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. पलीकडच्या माणसाला नुसती रिंग ऐकू येते, आणि सकाळी तुमच्याकडे फार तर एक मिस्ड कॉल दिसतो. त्याला काय हवं होतं हे त्यातून कळत नाही.

संदेश फोनवरून ऐकता येतातच. मग कॉम्प्युटरवर आणायची खटपट का?

व्हॉइसमेल यंत्रणेचं पेटंट अमेरिकेत गॉर्डन मॅथ्यूज यांना १९८३ मध्ये मिळालं. तेव्हा माणसासमोर फक्त फोनची बटणं होती, आणि ती रचना आजही तशीच आहे. फ्रीपीबीएक्समध्ये *९७ फिरवा, पिन टाका, मग संदेश एकामागून एक ऐका. ७ दाबलं की पुसला, ६ दाबलं की पुढचा. आठ संदेश असतील आणि तातडीचा सातवा असेल, तर आधीचे सहा पार केल्याशिवाय तो हाती लागत नाही.

कॉम्प्युटरवर यादी दिसते: कोणाचा नंबर, किती वाजता, किती सेकंद. चार सेकंदांचा संदेश बहुधा चुकून लागलेला असतो आणि नव्वद सेकंदांचा कोणीतरी जीव तोडून सांगितलेला असतो, हे ऐकायच्या आधीच कळतं. सांगितलेला फोन नंबर लिहून घेताना शेवटचे तीन सेकंद पुन्हा ऐकता येतात. आणि संदेश योग्य माणसाकडे पाठवता येतो, सोबत दोन ओळी लिहून.

कॉम्प्युटरवर संदेश नेमके कुठे दिसतात?

तीन ठिकाणी दिसू शकतात. पहिलं ठिकाण म्हणजे तुमचा ईमेल. संदेश ध्वनिफाइल म्हणून जोडून येतो. दुसरं म्हणजे ब्राउझरमधलं पान. फ्रीपीबीएक्समध्ये त्याला यूझर कंट्रोल पॅनेल म्हणतात, सिस्को युनिटी कनेक्शनमध्ये वेब इनबॉक्स. तिसरं म्हणजे फोनचं काम करणारं ॲप, उदाहरणार्थ टीम्समधला कॉल्सचा भाग.

यातलं एक निवडा आणि सगळ्या ऑफिसला तेच वापरायला सांगा. एक जण मेलमध्ये ऐकतो, दुसरा फोनवर आणि तिसरा ब्राउझरमध्ये, अशा ऑफिसात एकाच ग्राहकाला तीनदा फोन जातो किंवा एकदाही जात नाही.

मेलमध्ये संदेश ऐकला, मेल पुसलाही. तरी टेबलावरच्या फोनचा लाल दिवा चालूच. असं का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि याचं उत्तर नीट समजलं की बाकीचा निम्मा गोंधळ आपोआप संपतो.

ॲस्टरिस्कमध्ये मेलने येते ती संदेशाची नक्कल. मूळ संदेश फोन सर्व्हरच्या (फोन यंत्रणा चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) डिस्कवर, तुमच्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ऑफिसातल्या आतल्या नंबरच्या, नावाने ठेवलेला असतो. फोनचा दिवा त्या मूळ संदेशाकडे बघतो. नकलेचं तुम्ही काय केलंत हे सर्व्हरला कळायला मार्गच नाही. उलटही तसंच: फोनवर ७ दाबून संदेश पुसलात तरी मेलमधली नक्कल जागेवर राहते.

यावर तीन तोडगे आहेत. पहिला, मेल पाठवल्यावर सर्व्हरवरचा संदेश लगेच पुसून टाकायची सेटिंग चालू करायची. मग दिवा लागत नाही आणि सगळा कारभार मेलमध्ये येतो. दुसरा, मेलमध्ये फाइल न जोडता फक्त ‘अमुक नंबरवरून संदेश आला आहे’ एवढीच सूचना पाठवायची आणि ऐकणं-पुसणं ब्राउझरमध्ये करायचं. तिसरा, सर्व्हरला संदेश थेट आयमॅप मेलबॉक्समध्ये (मेल सर्व्हरवरच राहून सगळीकडे सारखा दिसणाऱ्या मेलबॉक्समध्ये) साठवायला लावायचं, म्हणजे मूळ आणि नक्कल हा भेदच उरत नाही. तिसरा सगळ्यांत नेटका आहे, पण तो बसवायला आणि चालू ठेवायला जाणकार माणूस लागतो. दहा-पंधरा एक्स्टेन्शनच्या ऑफिसला मी दुसरा सुचवतो.

पहिल्यात एक मोठा धोका आहे. मेल वाटेतच परत आला किंवा गाळला गेला, तर सर्व्हरवरचा संदेश तोपर्यंत पुसला गेलेला असतो. तो ग्राहक कायमचा हरवला, आणि हरवला हेही कोणाला कळत नाही. म्हणून ही सेटिंग चालू करण्याआधी निदान दोन आठवडे मेल न चुकता येतात का ते सर्व्हरवरच्या यादीशी ताडून पाहा.

टीम्समध्ये ही अडचण कमी आहे. तिथे संदेश तुमच्या एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची मेल सेवा) मेलबॉक्समध्येच येऊन पडतो आणि आउटलुक व टीम्स दोन्ही त्याच मेलबॉक्सकडे बघतात. सिस्को युनिटी कनेक्शनमध्ये मेलबॉक्स आणि व्हॉइसमेल एकमेकांशी जुळवून ठेवायची सोय आहे, पण ती वेगळी चालू करावी लागते.

मेल येतच नाहीत, किंवा स्पॅममध्ये जातात.

बहुतेक वेळा फोन सर्व्हर ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून स्वतःच मेल पाठवायला बघत असतो. असल्या पत्त्यावरून आलेला मेल मोठ्या मेल सेवा स्वीकारत नाहीत. सर्व्हरला तुमच्या कंपनीच्या मेल खात्यातूनच मेल पाठवायला लावा. त्यासाठी एक वेगळं खातं काढा. साहेबांच्या वैयक्तिक खात्याचा पासवर्ड फोन सर्व्हरमध्ये घालू नका. जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, द्विस्तरीय पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो. पाठवणाऱ्याचा पत्ता तुमच्या डोमेनचा असेल तर त्या डोमेनची एसपीएफ नोंद (त्या डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो हे सांगणारी) बरोबर आहे ना, तेही तपासा. त्यानंतर मेल प्रोग्राममध्ये एक नियम करा: या पत्त्यावरून येणारं सगळं ‘व्हॉइसमेल’ नावाच्या फोल्डरमध्ये.

रोज सकाळी दहा-बारा रिकामे संदेश असतात. काहींमध्ये नुसतं टूं-टूं-टूं वाजत राहतं.

हे दोन वेगळे आजार आहेत.

टूं-टूं हा तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या जुन्या लाइनचा आजार. फोन करणाऱ्याने स्वागत संदेश ऐकून फोन ठेवला. टेलिफोन एक्स्चेंजने लाइनवर एंगेज टोन सोडला. पण पलीकडच्याने फोन ठेवला आहे हे तुमच्या गेटवेला (टेलिफोनची लाइन फोन सर्व्हरला जोडणाऱ्या उपकरणाला) टोन ओळखूनच कळू शकतं. तो ओळखता आला नाही तर व्हॉइसमेल यंत्रणा तोच टोन ‘संदेश’ म्हणून मर्यादा संपेपर्यंत रेकॉर्ड करत राहतो. आपल्याकडे एंगेज टोन ४०० हर्ट्झचा: पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता. अमेरिकेत तो ४८० आणि ६२० हर्ट्झ मिळून, अर्धा सेकंद चालू आणि अर्धा सेकंद बंद असतो. पुष्कळ गेटवे अमेरिकेच्या सेटिंगवरच खोक्यातून बाहेर पडतात आणि बसवणारा देश बदलायला विसरतो. गेटवेमध्ये देश ‘इंडिया’ करा आणि टोन ओळखून कॉल तोडायची सेटिंग चालू करा. मग स्वतः बाहेरून फोन करून, स्वागत संदेशाच्या मध्येच फोन ठेवून खात्री करा. फायबरवरून एसआयपी लाइन (कॉल इंटरनेटच्या पद्धतीने नेणारी) घेतली असेल तर हा त्रास बहुधा नसतो, कारण कॉल संपल्याचा निरोप तिथे वेगळा येतो.

पूर्ण शांत संदेशांचं कारण वेगळं. यंत्रणेत दोन आकडे असतात. किती सेकंद शांतता झाली की रेकॉर्डिंग थांबवायचं हा एक, आणि किती सेकंदांपेक्षा छोटा संदेश टाकून द्यायचा हा दुसरा. शांततेची मर्यादा १० सेकंद आणि किमान लांबी ३ सेकंद असेल, तर गप्प राहिलेल्या माणसाची दहा सेकंदांची शांतता ‘पुरेशी लांब’ ठरून जपून ठेवली जाते. शांततेचा आकडा किमान लांबीपेक्षा लहान हवा. मी शांतता सहा आणि किमान लांबी सात ठेवतो. शांतता याहून कमी केली तर मशिनचा नंबर वाचायला वाकलेल्या माणसाचा संदेश अर्ध्यावर तुटतो. आणि नाव, काम व नंबर सांगणारा खरा संदेश सात सेकंदांत सहसा मावत नाही, त्यामुळे काही गमावलं जात नाही.

संदेशासोबत फोन करणाऱ्याचा नंबर दिसत नाही, ‘अननोन’ येतं.

हाही बहुधा तांब्याच्या लाइनचाच प्रश्न. नंबर पाठवण्याची आपल्याकडची पद्धत डीटीएमएफची आहे, म्हणजे बटण दाबल्यावर वाजतात तसे स्वर. अमेरिकेची पद्धत निराळी. गेटवेमध्ये कॉलर आयडीची पद्धत डीटीएमएफ करा. लाइनवर ही सेवा चालू आहे का हे आधी साध्या कॉलर आयडीच्या फोनवर तपासा, नाहीतर गेटवेशी झुंजण्यात दिवस जातो.

संदेशाची वेळ साडेपाच तास मागे दिसते.

सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतोय. सर्व्हरचा टाइमझोन आणि व्हॉइसमेलचा टाइमझोन दोन्हीकडे कोलकाता (यादीत भारतीय वेळेचं हेच नाव असतं) करा. दोन्हीकडे, कारण व्हॉइसमेलची सेटिंग स्वतंत्र असू शकते.

ध्वनिफाइल कोणत्या प्रकारात ठेवावी?

साधी वेव्ह फाइल सेकंदाला १६,००० बाइट घेते, म्हणजे तीन मिनिटांचा संदेश पावणेतीन-तीन एमबीचा. वेव्ह ४९ नावाचा दाबलेला प्रकार सेकंदाला १,६२५ बाइटच घेतो. तोच संदेश तीनशे केबीच्या आत बसतो. मेलबॉक्स लहान असेल तर दुसरा ठीक. पण तो दाबताना आवाज खरखरीत होतो, आणि मराठीत सांगितलेला नंबर अशा आवाजात फसवतो. सदुसष्ट की अडुसष्ट, एकोणसाठ की एकोणसत्तर, हे तीनदा ऐकूनही ठरत नाही. आज डिस्क आणि इंटरनेट दोन्ही स्वस्त आहेत. साधी वेव्ह ठेवा.

मराठी संदेश आपोआप लिहून मिळतील का?

मिळतील, पण त्यावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवून घ्या. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर मराठी ओळखतं आणि ते आपल्याच कॉम्प्युटरवर चालवता येतं, म्हणजे ग्राहकाचा आवाज बाहेर जात नाही. छोट्या आवृत्त्या मराठीत फार अडखळतात. मोठी आवृत्ती चालवायला चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं. त्यातून फोनचा आवाज मुळात साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातलाच, मागे शॉपफ्लोअरचा खडखडाट, आणि बोलणाऱ्याची भाषा अशी: “साहेब, तुमच्या त्या कॉम्प्रेसरचं प्रेशरच बिल्ड होत नाहीये, कल से बंद पडा है, जरा माणूस पाठवा.” एका वाक्यात तीन भाषा. शिवाय शांततेच्या जागी कधीकधी कोणी न बोललेलं वाक्यही ही यंत्रणा लिहून टाकते.

म्हणून लेखी मजकूर छाननीपुरता वापरा. ‘बंद’, ‘अर्जंट’, ‘पेमेंट’ असे शब्द दिसले की तो संदेश आधी ऐका. रक्कम, नंबर, नाव आणि पत्ता मात्र कानानेच घ्या.

टीम्समध्ये लेखी रूपाची सोय अंगचीच आहे. तिला मराठी संदेश जमतात का ते आधी तपासून बघा. भाषा चुकीची धरली गेली तर मराठी संदेशाचा निव्वळ निरर्थक मजकूर हाती येतो.

सर्व्हिस विभागाचा एकच मेलबॉक्स आहे आणि चार जण तो बघतात. कोणी उत्तर दिलं हे कसं कळणार?

यंत्रणेला फक्त ‘ऐकलेला’ आणि ‘न ऐकलेला’ एवढंच कळतं, आणि ऐकला म्हणजे काम झालं असं मुळीच नाही. एकाने घाईत ऐकला, मनात ‘नंतर बघू’ म्हटलं, संदेश जुन्या फोल्डरमध्ये गेला. बाकीच्या तिघांच्या लेखी तो निकालात निघाला. ग्राहक मात्र अजून फोनची वाट बघतोय. सामाईक मेलबॉक्स जिथे जिथे बिघडतो तिथे तो असाच बिघडतो, आणि त्याला तांत्रिक इलाज नाही. पद्धत ठरवावी लागते.

मला कामाची वाटलेली पद्धत अशी. रोज सकाळी एकच माणूस पेटी उघडतो. कोण ते आठवड्याच्या सुरुवातीला ठरतं. तो प्रत्येक संदेश ऐकून त्यावर एका व्यक्तीचं नाव टाकतो. मेल वापरत असाल तर आउटलुकमध्ये त्या त्या माणसाच्या रंगाची कॅटेगरी, जीमेलमध्ये लेबल. दोन नावं कधीच नाहीत. ज्याचं नाव लागलं त्याने परत फोन केला की मेलला उत्तर म्हणून एक ओळ लिहायची: “११.२० ला बोललो, उद्या दुपारी माणूस जातोय.” ही ओळ लिहिल्यावरच संदेश ‘पूर्ण’ फोल्डरमध्ये हलवायचा, आणि तोही त्यानेच. फोन उचलला गेला नाही तर तसं लिहायचं आणि संदेश तिथेच राहू द्यायचा.

संध्याकाळी ऑफिस बंद करताना इनबॉक्समध्ये जे उरलंय ते सगळ्यांसमोर वाचायचं. पाच मिनिटं लागतात. सॉफ्टवेअर कितीही भारी असलं तरी या पाच मिनिटांची जागा घेताना मी ते पाहिलेलं नाही.

स्वागत संदेश कॉम्प्युटरवरून बदलता येतो का? त्यात काय असावं?

येतो. कंट्रोल पॅनेलमध्ये माइकवर बोलून रेकॉर्ड करता येतो किंवा तयार फाइल चढवता येते. ब्राउझरमधून रेकॉर्ड करायचं तर पान सुरक्षित जोडणीवर उघडलेलं हवं, नाहीतर ब्राउझर माइक देत नाही. तयार फाइल ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो अशी ठेवा. गाणं किंवा संगीत मागे लावू नका, फोनवर ते खरखर बनून येतं.

मजकूर छोटा आणि कामाचा ठेवा. उदाहरणार्थ:

“नमस्कार. तुम्ही आमच्या सर्व्हिस विभागाला फोन केला आहे. ऑफिस सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा चालू असतं. बीपनंतर तुमचं नाव, मशिनचा नंबर आणि फोन नंबर सांगा. फोन नंबर कृपया दोनदा, एकेक आकडा सुटा सांगा. ऑफिस उघडल्यावर सकाळी अकराच्या आत आम्ही परत फोन करू.”

‘एकेक आकडा सुटा’ हे शब्द गाळू नका. वरचा सदुसष्ट-अडुसष्टचा घोळ त्यानेच मिटतो. आणि अकराची वेळ पाळता येणार नसेल तर ती देऊ नका. दिवाळी-गणपतीच्या सुट्टीसाठी तात्पुरत्या स्वागत संदेशाची वेगळी जागा असते. तो चालू असेपर्यंत बाकीचे स्वागत संदेश वाजत नाहीत, त्यामुळे सुट्टी संपताच तो काढायची नोंद कॅलेंडरमध्ये आधीच करून ठेवा. भाऊबीज होऊन आठवडा उलटला तरी “ऑफिस बंद आहे” ऐकवणारी कंपनी ग्राहक गमावते.

पिन ठेवलाच पाहिजे का? सगळे आपलेच लोक आहेत.

ठेवलाच पाहिजे, आणि तो एक्स्टेन्शनचाच आकडा नको. ब्रिटनमध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकासाठी लोकांचे मोबाइलवरचे व्हॉइसमेल चोरून ऐकले गेले. त्यातला मोठा मार्ग न बदललेले ठरावीक पिन हाच होता. त्या प्रकरणात २०११ मध्ये ते साप्ताहिकच बंद पडलं. आपल्या ऑफिसला याहून जवळचा धोका बिलाचा आहे. व्हॉइसमेलमधून बाहेर फोन लावायची सोय चालू असेल आणि पिन सोपा असेल, तर कोणीतरी रात्रभर तुमच्या लाइनवरून परदेशी फोन लावू शकतो. ही सोय बंद ठेवा, आणि गरज नसलेल्या लाइनवर आयएसडीही बंद ठेवा.

घरून संदेश ऐकायचे आहेत. पॅनेल इंटरनेटवर उघडं ठेवू का?

नको. ऑफिसचं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) घ्या आणि त्यातून उघडा. फोन सर्व्हर उघडा दिसला की त्यावर पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम काही वेळातच येऊन धडकतात.

कर्मचारी सोडून गेला. त्याच्या मेलबॉक्सचं काय?

त्याच दिवशी पिन आणि पॅनेलचा पासवर्ड बदला, मेल जाण्याचा पत्ता बदला आणि स्वागत संदेश नव्याने रेकॉर्ड करा. बहुतेक ऑफिसं पहिलं करतात आणि दुसरं विसरतात, मग ग्राहकांचे संदेश महिनोन्महिने गेलेल्या माणसाच्या खासगी जीमेलवर जात राहतात. मेलबॉक्स लगेच पुसू नका. आतले संदेश त्याच्या जागी आलेल्या व्यक्तीकडे हलवा.

संदेश किती दिवस ठेवायचे?

ॲस्टरिस्कमध्ये एका फोल्डरमध्ये ठरीव मर्यादा १०० संदेशांची असते. इनबॉक्स भरला की नवा फोन करणाऱ्याला संदेश ठेवताच येत नाही, म्हणून वरची ‘पूर्ण’ फोल्डरची शिस्त इथेही उपयोगी पडते. मर्यादा वाढवता येते, पण भरलेली पेटी हे काम तुंबल्याचं लक्षण आहे. आकडा वाढवून तुंबलेलं काम हलत नाही.

व्हॉइसमेलमध्ये माणसाचा आवाज, नाव आणि नंबर असतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ सांगतो की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं आणि दुसऱ्या कोणत्या कायद्याने ती ठेवायला सांगितलेलं नसलं, की ती पुसावी. मी सर्व्हिसचे संदेश काम संपल्यावर तीन महिने ठेवायला सांगतो. वॉरंटीचा किंवा पैशाचा वाद असलेला संदेश वेगळ्या फोल्डरमध्ये, वाद मिटेपर्यंत. त्याची प्रत फोन सर्व्हरच्या बाहेर, दुसऱ्या डिस्कवरही ठेवा.

आमच्याकडे जुना इपीएबीएक्स बोर्ड (ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र) आहे. तो बदलल्याशिवाय हे जमेल का?

बोर्डमध्ये नेटवर्कला जोडता येणारं व्हॉइसमेल कार्ड बसत असेल तर जमेल. एएमसीवाल्याला (ज्याच्याकडे वार्षिक देखभालीचा करार आहे त्याला) मॉडेल नंबर देऊन विचारा. कार्ड मिळत नसेल तर बोर्डाच्या दोन-तीन एक्स्टेन्शन गेटवेमधून एका छोट्या ॲस्टरिस्क सर्व्हरला जोडता येतात, आणि न उचललेला कॉल बोर्ड तिकडे वळवतो. यात एक उणीव राहते: कॉल मुळात कोणत्या एक्स्टेन्शनसाठी होता हे बोर्ड सर्व्हरला सांगेलच असं नाही, त्यामुळे सगळ्यांचे संदेश एकाच सामाईक पेटीत येऊ शकतात. रात्रीचे आणि सुट्टीचे फोन पकडण्यापुरतं ते पुरतं. प्रत्येकाची स्वतंत्र पेटी हवी असेल तर जुन्या बोर्डावर आणखी खर्च न करता पुढच्या एएमसीच्या नूतनीकरणाआधी आयपी यंत्रणेचा भाव काढा.